घरचा साबण आणि त्वचेची निगा

तेलकट पातेले चुलीतल्या राखेने घासताना हाताला एक प्रकारचा बुळबुळीतपणा जाणवे, हे जुन्या स्वयंपाकघरात वावरलेल्यांना आठवत असेल. राखेच्या खरखरीतपणाने भांडे स्वच्छ होई हे खरे. पण तेवढेच घडत नसे. लाकडाच्या राखेत क्षार असतो, भांड्याला तेलाचा अंश चिकटलेला असतो, आणि पाण्याच्या संगतीने ही दोन्ही एकत्र आली की थोडासा साबणच तेथे तयार होतो. भांडी घासणाऱ्या बाईला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, परंतु त्याचा व्यवहार मात्र तिच्या हाती रोज होत असे.

आज शहरांतून आणि गावांतूनही घरी साबण करून पाहण्याची हौस वाढीस लागली आहे. कोणाला बाजारच्या साबणाने अंग कोरडे पडते, कोणाला सुवास सोसत नाही, तर कोणाला आपण काय अंगाला लावतो हे नेमके माहीत असावे असे वाटते. हे हेतू योग्यच आहेत. तथापि 'घरचे' आणि 'नैसर्गिक' ह्या दोन शब्दांवर विसंबून पुष्कळ जण एक गोष्ट विसरतात. साबण हा शेवटी तेल आणि तीव्र क्षार ह्यांच्या संयोगाचा पदार्थ आहे, आणि तो संयोग अंदाजाने साधत नाही.

हा संयोग म्हणजे काय, हे शेव्रल ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने उलगडून दाखविले. प्राणिजन्य चरबीवरील त्याचा ग्रंथ 1823 साली प्रसिद्ध झाला. तेल अथवा चरबी ही मेदाम्ले आणि ग्लिसरीन ह्यांची बांधणी असते. क्षार ती बांधणी सोडवितो. मेदाम्ले क्षाराशी जोडली जाऊन साबण बनतो आणि ग्लिसरीन मोकळे होते. साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. म्हणूनच जो मळ नुसत्या पाण्याने हलत नाही, तो साबणाच्या पाण्याबरोबर वाहून जातो. मोठ्या कारखान्यांतून बहुधा हे ग्लिसरीन वेगळे काढून अन्य कामांसाठी वापरतात. घरच्या साबणात ते साबणातच राहते, आणि घरच्या वडीचा सौम्यपणा काही अंशी त्यामुळे असतो.

पूर्वी हा क्षार राखेतून मिळे. आता त्याची जागा कॉस्टिक सोड्याने घेतली आहे. मात्र प्रत्येक तेलाला लागणारा सोडा सारखा नसतो, आणि घरगुती साबणातील बहुतेक अपघातांचे व अपयशांचे मूळ येथेच आहे. शंभर ग्रॅम खोबरेल तेलास सुमारे 18.3 ग्रॅम सोडा लागतो, तिळाच्या तेलास सुमारे 13.4 ग्रॅम आणि एरंडेलास सुमारे 12.8 ग्रॅम. ह्या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणाने ध्यानात येईल. 400 ग्रॅम खोबरेल, 500 ग्रॅम तिळेल आणि 100 ग्रॅम एरंडेल असे एक किलो मिश्रण घेतले, तर सगळे तेल साबणात बदलण्यास सुमारे 153 ग्रॅम सोडा लागेल. परंतु जाणते लोक त्यातून शेकडा पाच कमी करून 145 ग्रॅमच घेतात, म्हणजे थोडे तेल मोकळे राहून वडी अंगाला रखरखीत लागत नाही. आता समजा, खोबरेल महाग झाले म्हणून कोणी एक किलो तिळेलच वापरले आणि सोडा मात्र 145 ग्रॅम कायम ठेवला. त्या तेलास 134 ग्रॅमच पुरे असतात. उरलेला 11 ग्रॅम सोडा वडीत तसाच राहतो, आणि दिसावयास सुंदर अशी ती वडी कातडी जाळते. म्हणून वाटी आणि चमचा ही मापे येथे निरुपयोगी होत. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा काटा नसेल, तर साबण करावयास बसूच नये.

कृती स्वतः अवघड नाही. वरील मिश्रणासाठी 300 ग्रॅम थंड पाणी स्टीलच्या भांड्यात वजन करून घ्यावे आणि त्यात सोडा थोडा थोडा सोडून ढवळावा. सोडा पाण्यात घालावयाचा. सोड्यावर पाणी कधीही ओतावयाचे नाही, कारण तसे केल्यास मिश्रण उसळून अंगावर उडते. ढवळताना पाणी कढत होते आणि झोंबणारी वाफ निघते. म्हणून हे काम खिडकीपाशी किंवा अंगणात करावे. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे मुळीच चालत नाही. सोडा ते खातो आणि त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो. सोड्याचे पाणी व तेल दोन्ही कोमट झाल्यावर पाणी तेलात धारेने ओतून सतत घुसळावे. मिश्रण पिठल्यासारखे दाट झाले आणि चमच्यातून सांडलेली धार वर क्षणभर रेघेसारखी उमटून राहिली, की ते साच्यात ओतावे. एक-दोन दिवसांनी वड्या कापता येतात.

वड्या कापल्या म्हणजे साबण झाला असे नव्हे. हवेशीर जागी, एकमेकींस न चिकटता, त्या चार ते सहा आठवडे राहू द्याव्या लागतात. ह्या अवधीत पाणी उडून जाते, वडी घट्ट होते आणि सौम्य होते. घाईने वापरलेला साबण लवकर विरघळतो. वडीवर सोड्याचे पांढरे खडे दिसले, तिच्यात द्रवाचे कप्पे आढळले, किंवा आम्लता मोजण्याच्या कागदावर तिच्या फेसाचा अंक 11 च्या वर गेला, तर ती अंगाला लावू नये. सीरियातील अलेप्पो शहराचा ऑलिव्ह व लॉरेल तेलांचा साबण कित्येक महिने वाळवून मगच विकावयास काढतात. युनेस्कोने 2024 साली ही कारागिरी मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्या कारागिरीत तेलांइतकेच मोल ह्या थांबण्याला आहे.

सोड्याविषयी आणखी थोडे सांगणे अगत्याचे आहे. त्याचे पांढरे चकचकीत पापुद्रे लहान मुलास साखरेसारखे किंवा मिठासारखे वाटू शकतात. त्याची बरणी स्वयंपाकघरात, खाण्याच्या डब्यांशेजारी, कधीही नसावी. तिच्यावर ठळक नाव असावे आणि ती कुलपात असावी. काम करताना डोळ्यांवर बंद चष्मा, हातांत रबरी मोजे आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. थेंब अंगावर किंवा डोळ्यांत उडालाच, तर व्हिनेगर किंवा लिंबू शोधत बसू नये. नळाच्या वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे तो भाग धरावा; डोळ्यांत उडाला असेल तर धुऊन होताच डॉक्टर गाठावा. चुकून पोटात गेला तर उलटी करवू नये. ताबडतोब रुग्णालयात न्यावे. एका वडीच्या हौसेपायी एखाद्या मुलाची दृष्टी किंवा अन्ननलिका गमावावी, इतके मोठे मोल कोणत्याही साबणाचे नाही.

इतके नीट केले तरी घरचा साबण क्षारयुक्तच राहतो. हळदीच्या डागावर साबण लागताच तो तांबडा होतो, हे सर्वांनी पाहिले आहे. हळद आणि चुना ह्यांपासून कुंकू होते, त्याच नियमाने हे घडते. क्षाराशी गाठ पडताच हळद रंग बदलते. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते; तिचा अंक साडेचार ते साडेपाचच्या आसपास असतो, तर साबणाच्या फेसाचा नऊ-दहा. निरोगी त्वचा थोड्या वेळात आपले संतुलन परत मिळविते. परंतु इसब असलेल्यांना, तान्ह्या मुलांना आणि वृद्धांना दिवसातून दोनदा सर्वांगाला साबण सोसत नाही, मग तो घरचा असो वा बाजारचा. साबणात लिंबाचा रस घालून तो 'आम्ल' करता येत नाही. सोडा त्या रसाचे आम्लत्व मारून टाकतो.

साबण सर्वसामान्यांच्या घरात येण्यापूर्वी अंग कसे निघे, हे पाहिले म्हणजे दुसरी वाट दिसते. डाळीचे पीठ, मसुरीचे पीठ, दिवाळीचे उटणे ही द्रव्ये वरचा तेलकटपणा शोषून घेतात आणि क्षाराचा त्रास देत नाहीत. शिकेकाई आणि रिठा ह्यांच्यात फेस आणणारे द्रव्य निसर्गतःच असते. रिठ्याच्या वृक्षाचे शास्त्रीय नाव 'सॅपिंडस' हे 'भारतीय साबण' ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून पडले आहे. रेशमी वस्त्रे आणि सोन्याचे दागिने रिठ्याने धुण्याची रीत आजही अनेक घरांतून चालू आहे. पण हेच रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले की आग होते.

त्वचेच्या कोरडेपणावर साधे उपाय पुष्कळदा पुरतात. खोबरेल तेलाचा उपयोग केवळ परंपरेने मानलेला नाही. फिलिपाइन्समध्ये झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सौम्य कोरडेपणावर ते खनिज तेलाइतकेच गुणकारी ठरले. आंघोळीनंतर अंग किंचित ओलसर असतानाच तेल लावले, तर ओलावा आत टिकतो. कोकण-गोव्यात भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, बियांचे तेल काढतात. ते साध्या हवेत गोळ्यासारखे घट्ट राहते आणि अंगाच्या उबेने वितळते. टाचांच्या भेगांवर ते चोळण्याची जुनी चाल त्याच्या ह्या गुणावरच आधारलेली आहे.

ह्याउलट काही लोकप्रिय उपाय टाळलेले बरे. चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात गेल्यास त्वचेवर फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. खाण्याचा सोडा त्वचेचे आम्लत्व घालवितो. कोरफडीचा गर, गुलाबपाणी किंवा दूध घातलेले घरगुती लेप दोन-चार दिवसांत नासतात, कारण जेथे पाणी आहे तेथे जंतू वाढतात. असे लेप लागतील तेवढेच करावेत. पिठे आणि उटणी कोरडी राहिली तर पुष्कळ दिवस टिकतात. कोणतीही नवी वस्तू प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस लावून दोन दिवस वाट पाहावी. आणि कोणत्याही उटण्याने वर्ण उजळतो ही समजूत तर सोडूनच द्यावी. उटणे मळ काढते, वर्ण बदलीत नाही, आणि तो बदलण्याची गरजही नाही.

घरच्या साबणाचे खरे सुख वेगळे आहे. आपल्या हाताने तोललेले तेल, आपल्या देखरेखीखाली वाळलेली वडी, आणि तिच्यात काय आहे ह्याची पुरी जाण. ही जाण काट्यावरच्या अचूक वजनातून आणि सहा आठवड्यांच्या धीरातून येते. ज्या घरात ह्या दोन्ही गोष्टी असतील, त्या घराने साबण अवश्य करावा. ज्यांना इतकी सवड नाही, त्यांनी डब्यातले डाळीचे पीठ आणि फडताळातली खोबरेलाची बाटली काढावी. त्वचेची तक्रार बहुधा तेवढ्यानेही मिटेल.