खारातली कैरी आणि सलाईनची बाटली

मृग लागायच्या आधी मालवणात घरोघरी चिनीमातीच्या बरण्या धुऊन उन्हात ठेवतात. कैऱ्यांना मीठ लावून त्या बरणीत भरल्या, की चार दिवसांनी साल सुरकुतलेली दिसते आणि तळाला पाणी साचलेलं असतं. हे पाणी कुणी ओतलेलं नसतं, ते कैरीतूनच बाहेर आलेलं असतं. पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी कमी मिठाकडून जास्त मिठाकडे जातं. यालाच परासरण म्हणतात. जिवाणूंमधलं पाणीही असंच ओढलं जातं, म्हणून खारातली कैरी आणि खारवलेला बांगडा पावसाळाभर टिकतो.

आपल्या रक्तालाही हाच नियम लागू आहे. रक्तातली तांबडी पेशी साध्या पाण्यात टाकली, तर पाणी शोषून फुगते आणि फुटते. समुद्राच्या पाण्यात टाकली, तर कैरीसारखी सुरकुतते. जिथे ती फुगतही नाही आणि आक्रसतही नाही, ते प्रमाण साधारण 0.9 टक्के, म्हणजे एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्टोग हॅम्बर्गर या डच शास्त्रज्ञाने केलेल्या प्रयोगांतून हा आकडा पुढे आला. आजच्या 'नॉर्मल सलाईन'मध्ये मिठाचं प्रमाण एवढंच असतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात मात्र सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. एवढे क्षार बाहेर टाकायला मूत्रपिंडांना प्यायलेल्या पाण्याहून जास्त पाणी खर्चावं लागतं. म्हणून खारं पाणी पिऊन तहान वाढते आणि मासेमारीला निघालेली होडी गोडं पाणी घेतल्याशिवाय किनारा सोडत नाही. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींना एवढं मोल आहे, तेही यामुळेच.

पण मीठ टाळूनही चालत नाही. घाम, जुलाब, उलट्या यांतून पाण्याबरोबर क्षारही जातात. उन्हात राबणाऱ्याला मीठ लागतंच. अशा मिठावर इंग्रज सरकारने कर बसवला, म्हणून 1930 साली शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला.

शिरेतून क्षारांचं पाणी देऊन माणूस वाचवता येतो, हे 1832 मध्ये स्कॉटलंडमधल्या डॉ. थॉमस लाटा यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांवर दाखवून दिलं. आज सलाईन जखम धुवायला, औषधं पातळ करायला आणि अंगातलं पाणी झपाट्याने कमी झालं तर ते भरून काढायला वापरतात. मात्र 'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा' असा आग्रह दवाखान्यात नेहमी ऐकू येतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत असतं फक्त साडेचार ग्रॅम मीठ, चहाच्या एका चमच्याहूनही कमी. त्यात ताकद देणारं अन्न कणभरही नसतं. बरं वाटतं, ते पाणी कमी झालेलं असेल तर.

आणि रुग्णाला पिता येत असेल, तर बहुतेक वेळा सुईची गरजच नसते. जुलाबातही आतड्यातली एक वाट शाबूत राहते. तिथे साखर आणि मीठ जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांची छावणी बनगाव इथे होती. तिथे कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून पाजायला सांगितलं. ते पाजण्याचं काम रुग्णांच्या नातेवाइकांनीही केलं आणि मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं.

पावसाळ्यात विहिरी गढूळ होतात आणि जुलाबाच्या तक्रारी वाढतात. घरात ओआरएसची, म्हणजे अशाच मीठ-साखरेच्या मिश्रणाची, पाकिटं ठेवा आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती कालवा. पाकीट नसेल, तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचाच हवा. जास्त मीठ घातलं, तर बरणीत कैरीचं होतं तेच मुलाच्या शरीराचं होईल. उलट्या थांबत नसतील, लघवी बंद झाली असेल किंवा मूल मलूल पडलं असेल, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. तिथे सलाईन लागू शकतं.