विश्लेषण : फ्रेजरपुऱ्यातील शाळा ते सरन्यायाधीशपद… भूषण गवई यांच्या कारकीर्दीचा वऱ्हाडसाठी अर्थ काय?

अमरावतीच्या फ्रेजरपुरा भागातील नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले भूषण रामकृष्ण गवई १४ मे २०२५ रोजी देशाचे ५२वे सरन्यायाधीश झाले आणि २३ नोव्हेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. अनुसूचित जातीतून या पदावर पोहोचलेले ते दुसरे आणि पहिले बौद्ध सरन्यायाधीश. मात्र त्यांनी अनुसूचित जातींच्या आरक्षणाबाबत मांडलेल्या मतावरून त्यांच्याच समाजात तीव्र मतभेद झाले. तो वाद अजून संपलेला नाही.

अमरावती ते दिल्ली प्रवास कसा झाला?

गवई यांचा जन्म २४ नोव्हेंबर १९६० चा. मूळ गाव दारापूर, अकोला जिल्ह्याला लागून असलेल्या दर्यापूर तालुक्यातील. वडील रा. सू. ऊर्फ दादासाहेब गवई हे रिपब्लिकन चळवळीतील मोठे नाव. विधान परिषदेचे सभापती, अमरावतीचे खासदार, पुढे बिहार आणि केरळचे राज्यपाल. भूषण गवई यांना वास्तुविशारद व्हायचे होते, पण मुलाने वकील व्हावे ही वडिलांची इच्छा होती. हे त्यांनीच जून २०२५ मध्ये नागपुरातील सत्कारात भावुक होऊन सांगितले.

१९८५ मध्ये त्यांनी वकिली सुरू केली. काही काळ मुंबईत काम करून १९९० नंतर ते प्रामुख्याने नागपूर खंडपीठात उभे राहू लागले. नागपूर व अमरावती महापालिका आणि अमरावती विद्यापीठाचे ते वकील होते. २००० मध्ये नागपूर खंडपीठात सरकारी वकील, १४ नोव्हेंबर २००३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश, २००५ मध्ये कायम आणि २४ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयात, असा हा क्रम आहे.

सरन्यायाधीशपद सहाच महिने का?

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश वयाच्या ६५व्या वर्षी निवृत्त होतात आणि सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशाला सरन्यायाधीश करण्याचा प्रघात आहे. ही ज्येष्ठता सर्वोच्च न्यायालयात रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरते. म्हणजे तिथे नियुक्ती कधी होते, यावरच पुढचे सारे गणित अवलंबून.

गवई यांच्याबाबत ही तारीख निर्णायक ठरली. मे २०१९ मध्ये त्यांच्या नावाची शिफारस करताना न्यायवृंदाने नमूद केले होते, की त्यांच्या नियुक्तीमुळे सुमारे दशकभरानंतर अनुसूचित जातीतील न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयात येईल. मुंबई उच्च न्यायालयातील काही न्यायाधीश तेव्हा त्यांना ज्येष्ठ होते. शिफारस उशिरा झाली असती, तर सरन्यायाधीशपद त्यांच्या वाट्याला आलेच नसते.

वाद नेमका कशावरून?

१ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला, की राज्यांना अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करता येईल. म्हणजे या प्रवर्गातील अधिक मागे राहिलेल्या जातींसाठी वेगळा वाटा ठेवता येईल. गवई यांनी स्वतंत्र निकालपत्रात आणखी एक पाऊल पुढे टाकले. ओबीसींप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींमध्येही ‘क्रिमीलेअर’ शोधून त्यांना आरक्षणातून वगळण्याचे धोरण राज्याने आखावे, निकष मात्र ओबीसींपेक्षा वेगळे असू शकतात, असे त्यांनी लिहिले. नामांकित शाळेत शिकणारे मूल आणि खेड्यातल्या शाळेत शिकणारे मूल यांना एकाच मापाने कसे मोजायचे, हा त्यांचा प्रश्न होता.

विरोधकांचे म्हणणे असे, की ओबीसींचा निकष इथे लावता येत नाही. अस्पृश्यतेचा डाग पगार वाढल्याने पुसला जात नाही. शिवाय पात्र उमेदवार कमी झाले तर राखीव जागाच रिकाम्या राहतील. निकालाविरोधात २१ ऑगस्ट २०२४ रोजी ‘भारत बंद’ झाला. केंद्र सरकारनेही अनुसूचित जाती-जमातींना क्रिमीलेअर लावण्याची तरतूद राज्यघटनेत नाही, अशी भूमिका घेतली. तरीही निवृत्तीच्या आठवडाभर आधी, आंध्र प्रदेशातील अमरावतीत बोलताना गवई यांनी आपले मत पुन्हा मांडले.

आज स्थिती अशी : उपवर्गीकरणाला परवानगी आहे, क्रिमीलेअर लागू नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत. मातंग समाजातून उपवर्गीकरणाची मागणी जुनी आहे आणि त्यासाठी राज्याने निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली आहे.

सामान्य माणसाच्या कामाचा निकाल कोणता?

‘बुलडोझर’ प्रकरण. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने स्पष्ट केले, की कुणावर गुन्ह्याचा आरोप आहे म्हणून त्याचे घर पाडता येणार नाही. पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस, बाजू मांडण्याची संधी आणि कारवाईचे चित्रीकरण बंधनकारक आहे. नियम मोडल्यास अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई वसूल होऊ शकते. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग किंवा नदीलगतच्या अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही.

नोटाबंदी वैध ठरवणारे २०२३ मधील बहुमताचे निकालपत्रही त्यांचेच. अनुच्छेद ३७० आणि निवडणूक रोख्यांच्या घटनापीठांतही ते होते.

सरन्यायाधीश म्हणून काय बदलले?

त्यांच्या कार्यकाळात सर्वोच्च न्यायालयाच्या कर्मचारी भरतीत अनुसूचित जातींसाठी १५ आणि जमातींसाठी ७.५ टक्के आरक्षणाची बिंदुनामावली लागू झाली. ऑगस्टमध्ये सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले. उच्च न्यायालयातील तारखेसाठी नागपूर गाठणाऱ्या अकोला-अमरावतीच्या पक्षकारांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. ६ ऑक्टोबर रोजी भर न्यायालयात एका वकिलाने त्यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. गवई यांनी विचलित न होता सुनावणी पुढे चालू ठेवली.

पुढे काय?

निवृत्तीनंतर कोणतेही सरकारी पद घेणार नाही, असे त्यांनी २५ जुलै रोजी, वडिलांच्या स्मृतिदिनी, दारापूर भेटीतच जाहीर केले होते. क्रिमीलेअरचा निर्णय मात्र आता सरकारच्या आणि पुढील घटनापीठांच्या हाती आहे. तो कोणत्याही बाजूने लागला, तरी फ्रेजरपुऱ्यासारख्या वस्तीतल्या पालिकेच्या शाळेतून आज कुणाला किती पुढे जाता येते, हे त्यावरून ठरणार आहे.