अकरावीचा प्रवेश : आधीं कीं मागाहून?

दहावीची परीक्षा संपली कीं विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या मनांत एकच चिंता घर करिते : अकरावीस प्रवेश कोठें घ्यावा आणि केव्हां घ्यावा? पूर्वीं मुंबई, पुणें, नागपूर, नाशिक व अमरावती या भागांपुरती असलेली मध्यवर्ती ऑनलाइन प्रवेशपद्धति २०२५ सालीं प्रथमच साऱ्या महाराष्ट्रास लागू झाली. म्हणून तिचें स्वरूप कर्जत व खालापूर तालुक्यांतील प्रत्येक विद्यार्थ्यानें समजून घेणें अवश्य आहे.

या पद्धतींत मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला कोट्याचा. संस्थेच्या स्वतःच्या शाळेंतील विद्यार्थ्यांसाठीं शेंकडा १०, व्यवस्थापनासाठीं शेंकडा ५ आणि अल्पसंख्याकांच्या महाविद्यालयांत त्या त्या समाजासाठीं शेंकडा ५० जागा राखून ठेविल्या जातात. २०२५ सालीं या जागा भरण्यास नियमित फेऱ्यांच्या आधींच, ‘शून्य फेरीं’त, आरंभ झाला. दुसरा मार्ग गुणानुक्रमें होणाऱ्या नियमित फेऱ्यांचा. त्यांत विद्यार्थ्यानें एकापासून दहापर्यंत महाविद्यालयें पसंतीच्या क्रमानें लिहावयाचीं असतात.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. मिशनच्या शाळेंत शिकलों, म्हणून ख्रिस्ती महाविद्यालयाचा अल्पसंख्याक कोटा आपणांस मिळेल, असें कित्येकांस वाटतें. परंतु तो कोटा समाजाचा आहे, शाळेचा नव्हे. शाळेच्या नात्यानें लाभतो तो केवळ अंतर्गत कोटा. आणि तोही त्या संस्थेचें कनिष्ठ महाविद्यालय असेल तरच.

आधीं प्रवेश घेतल्यानें जिवाचा घोर संपतो, हा मोठाच लाभ होय. परंतु कोट्यांतून प्रवेश निश्चित केला कीं नियमित फेऱ्यांचें दार मिटतें. अमेरिकेंतही कित्येक विद्यापीठें नोव्हेंबरच्या सुमारास आगाऊ अर्ज घेतात. त्यांपैकीं एका प्रकारांत निवड झाल्यास तेथेंच जाण्याचें वचन विद्यार्थ्यास आधींच द्यावें लागतें. लवकर मिळणाऱ्या जागेचें मोल कित्येकदां असें बंधनानें चुकवावें लागतें.

नियमित मार्गही बंधनमुक्त नाहीं. २०२५ च्या नियमांप्रमाणें पहिल्या पसंतीचें महाविद्यालय मिळाल्यास तेथें प्रवेश घेणें भागच होतें. न घेतल्यास विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांस मुकत असे. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीची जागा मिळाली, तर मात्र ती घ्यावी कीं पुढील फेरीची वाट पाहावी, हें त्याच्या इच्छेवर होतें.

म्हणून पहिली पसंती ही हौस नव्हे, तें वचन आहे. केवळ नांवलौकिकासाठीं मुंबईचें महाविद्यालय प्रथम लिहिणाऱ्यानें आपल्या दिनक्रमाचा हिशेब करावा. कर्जतहून मुंबईस लोकलनें जाण्यास सुमारें दोन तास लागतात, येतांना तितकेच. खोपोलीच्या मुलास कर्जतपर्यंतचा फांट्यावरील प्रवास त्याहून वेगळा. रोज चार-पांच तास गाडींत गेल्यावर अभ्यासास काय उरेल? ज्याची प्रकृति, घरची सोय आणि विषयाची ओढ हें सारें सोशील, त्यानें खुशाल जावें; इतरांनीं कर्जत, खोपोली वा पनवेल येथील महाविद्यालयाचा विचार कमीपणाचा मानूं नये.

तात्पर्य, एकच कसोटी पुरे आहे : ‘ही जागा उद्यांच मिळाली, तर मी आनंदानें जाईन काय?’ उत्तर निःशंक ‘होय’ असेल, तर कोट्यांतून आधीं प्रवेश घ्यावा किंवा तें नांव पहिल्या क्रमांकावर लिहावें. मन कचरत असेल, तर धीर धरावा. मात्र नियम वर्षागणिक बदलूं शकतात. म्हणून अर्ज भरण्यापूर्वीं त्या वर्षाची माहितीपुस्तिका आईवडिलांसह वाचावी आणि गुरुजनांस विचारण्यास संकोच करूं नये.