तेरीज जुळली का?

हिशेबासाठी संगणकावर काय वापरता, असे आज कोणालाही विचारले तर उत्तर बहुधा एकच येते: एक्सेल. लग्नाच्या आमंत्रणांची यादी, भिशीचा हिशेब, शाळेतले गुण, कारखान्यातला साठा, सारे त्या उभ्या-आडव्या चौकटींत जाऊन बसते. या कल्पनेचा जन्म १९७८ सालचा. हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनने फळ्यावर कोष्टक मांडणारे प्राध्यापक पाहिले. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे संगणकाने आपणहून का करू नये? त्यातून त्याने आणि बॉब फ्रँक्स्टनने १९७९ मध्ये 'व्हिजिकॅल्क' आणले. मायक्रोसॉफ्टचे एक्सेल त्यानंतर, १९८५ साली आले.

सोय मोठी झाली, यात वादच नाही. पण या कोष्टकाचा एक स्वभाव आहे. ते अतिशय भिडस्त आहे. बेरजेत एक ओळ कमी धरा, ते हूं की चूं करीत नाही. एखादा आकडा मजकूर म्हणून नोंदला गेला, तर बेरजेतून त्याला गुपचूप वगळून पुढे जाते. समोर येणारे उत्तर मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत सुबक! छापील आकड्यावर आपला विश्वास चटकन बसतो.

मी ज्या वळणात वाढलो ते याच्या अगदी उलट. सांगलीकडच्या एका सहकारी बँकेत मी लागलो तेव्हा सारा कारभार हाताने चाले. प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा, एकदा जमेला आणि एकदा नावे. संध्याकाळी दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात. नाही आल्या तर घरी जायचे नाही. आठ पैशांसाठी रात्रीचे नऊ वाजलेले मी पाहिले आहेत. "साहेब, आठ पैसे मी देतो, पण आता उठा," असे आमचा शिपाई एकदा वैतागून म्हणाला होता. त्यावर हेडक्लार्क शांतपणे म्हणाले, "अरे, आठ पैशांचा फरक म्हणजे आठ पैशांचीच चूक कशावरून? इकडे आठ हजारांची आणि तिकडे आठ हजार आठ पैशांची, अशा दोन चुका एकमेकींना झाकून बसल्या असतील." त्यांनीच मला शिकवले, की फरकाला नवाने भाग जात असेल तर आधी उलटसुलट लिहिलेला आकडा शोधावा; ६३ च्या जागी ३६ लिहिले की फरक २७ येतो. या पद्धतीलाही मर्यादा होत्याच. एका कुलकर्ण्यांचे पैसे दुसऱ्या कुलकर्ण्यांच्या खात्यात गेले तर तेरीज बिनबोभाट जुळे. पण निदान काही चुका तरी ती वही ओरडून सांगत असे.

न ओरडणाऱ्या साधनाची किंमत इंग्लंडने २०२० साली मोजली. कोरोनाच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून येत आणि तिथले सार्वजनिक आरोग्य खाते ते एक्सेलच्या फायलींत भरून पुढे पाठवत असे. फाइलचा प्रकार मात्र जुना होता. त्यात ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावत नाही. २००७ पासूनच्या नव्या प्रकारात १०,४८,५७६ ओळी बसतात, पण तो वापरला गेला नव्हता. शिवाय एका रुग्णाच्या माहितीला अनेक ओळी लागत. फाइल भरली आणि उरलेले रुग्ण बाहेरच राहिले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यात असे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून गळले. रुग्णांना त्यांचा निकाल कळला होता; पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधून 'घरातच राहा' म्हणून सांगायचे, ते काम खोळंबले. साथीच्या दिवसांत एक आठवडा म्हणजे काय, हे तुम्हा-आम्हाला वेगळे सांगायला नको.

हे टाळण्यासाठी फार मोठी विद्या लागली नसती. किती नोंदी निघाल्या आणि किती पोहोचल्या, हे दोन आकडे शेजारी ठेवले असते तरी पुरे होते. आमच्या बँकेत क्लिअरिंगला चेक पाठवताना आम्ही रकमेआधी चेकची संख्याच मोजत असू.

शास्त्रज्ञांची तऱ्हा तर आणखी मजेदार. 'मार्च १', 'सेप्ट २' अशी काही मानवी जनुकांची नावे होती. एक्सेलला वाटे ही तारीख आहे! २०१६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तपासले, तेव्हा जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडणाऱ्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशा बिघडलेल्या नोंदी सापडल्या. शेवटी नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये त्या जनुकांचेच बारसे नव्याने केले. तारखेचा हा हट्ट बंद करायची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली.

हे सारे आठवण्याचे कारण आमची सोसायटी. बावन्न सदनिका आणि मागाहून आलेली दोन दुकाने. आधीच्या कार्यकारिणीकडून आलेल्या कोष्टकात बेरीज बावन्नाव्या ओळीलाच थांबत होती. दुकानांची देणी खाली दिसत होती, बेरजेत मात्र नव्हती. लिफ्ट बदलायची वेळ आली तेव्हा सिंकिंग फंडाचा आकडा बँकेच्या पासबुकाशी जुळेना आणि सभेत नको नको ते संशय बोलले गेले. पैसा जागच्या जागी होता. माणसे मात्र दुखावली ती दुखावलीच. एका सदस्याने सभेला येणेच सोडले आहे.

दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी हिंजवडीत सॉफ्टवेअरचे काम करते. मी तिला विचारले, "अगं, तुम्ही तिकडे हे कसं सांभाळता?"

"काका, आमच्याकडे प्रोग्रॅम लिहिला की त्याच्या चाचण्याही लिहून ठेवतात. उत्तरं आधीच ठाऊक असलेली गणितं. कुणी एक ओळ जरी बदलली तरी ती सगळी पुन्हा सोडवून घ्यायची. एक चुकलं तरी काम पुढे सरकत नाही."

"म्हणजे तेरीजच की!"

"तेरीज म्हणजे काय हो काका?"

मग तासभर मी तिला जमा-नावे समजावले आणि तिने मला चाचण्या. शेवटी सोसायटीचा हिशेब आम्ही टॅलीवर नेला. बंगळूरच्या गोयनका पिता-पुत्रांनी १९८६ साली सुरू केलेल्या कंपनीचे हे साधन. दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय ते व्हाउचर स्वीकारतच नाही. कोणी, कधी, काय बदलले याची नोंद ठेवण्याची सोयही त्यात आहे. भारतात कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला अशी नोंद १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचीच झाली आहे. खजिनदारांनी कुरकूर केली. त्यांना जुने कोष्टक हाताखालचे होते आणि टॅली म्हणजे 'प्रत्येक गोष्टीला अडून बसणारी सासू' वाटत होती. दोन महिने ते माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलले.

पार्किंगची यादी आणि गणपतीची वर्गणी अजून एक्सेलमध्येच आहे. तेवढ्यासाठी टॅली कोण उघडणार? मात्र त्या मुलीने वर्गणीच्या तळाशी एक चौकट करून दिली आहे. पावत्यांची बेरीज एकीकडे, प्रत्यक्ष रोकड आणि बँकेतील जमा दुसरीकडे. फरक पडला की चौकट लाल होते. यंदा ती चतुर्थीच्या आदल्या रात्री लाल झाली. फरक नव्वद रुपयांचा. मी नवाने भागून पाहिले आणि पावतीपुस्तके काढायला सांगितली. साडेअकराला १५१ ची पावती सापडली. कोष्टकात ती ६१ रुपये म्हणून चढली होती. नवाचा नियम अपघातानेच लागू पडला होता; चूक उलटसुलट लिहिण्याची नव्हतीच, वाचण्याची होती. खजिनदारांनी आकडा दुरुस्त केला, चौकट पांढरी झाली आणि आम्ही मखराचे खिळे ठोकायला खाली गेलो.