राघोबादादा : मालिकेआधीची सत्तावीस वर्षे

एकाच माणसाच्या आयुष्याने मराठी भाषेला तीन वाक्प्रचार द्यावेत, असे उदाहरण विरळाच. 'अटकेपार झेंडा लावणे' हा त्यातला अभिमानाचा. 'ध चा मा करणे' हा कागदोपत्री लबाडीसाठी राखून ठेवलेला. आणि 'काका, मला वाचवा' हा तर आता राजकीय बातम्यांच्या मथळ्यांतही विनोदाने वापरला जातो. तिन्हींचा धनी एकच, रघुनाथराव बाजीराव पेशवे ऊर्फ राघोबादादा. पहिला वाक्प्रचार १७५८ सालचा, उरलेले दोन १७७३ सालचे. या पंधरा वर्षांत लाहोर जिंकणारा सेनानी पुतण्याच्या खुनातला आरोपी कसा झाला, हे आपल्या नाटक-सिनेमांनी आणि दूरचित्रवाणीने क्वचितच नीट सांगितले आहे.

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर 'स्वामी' ही मालिका आली. रणजित देसाई यांच्या १९६२च्या कादंबरीवर ती आधारलेली होती आणि दिग्दर्शन गजानन जागीरदार यांचे होते. माधवरावांच्या भूमिकेत रवींद्र मंकणी आणि रमाबाईंच्या भूमिकेत तेव्हाच्या मृणाल देव, म्हणजे आताच्या मृणाल कुलकर्णी, ही जोडी पुणेकरांच्या घराघरांत पोहोचली. 'स्वामी'ची कथा कोवळ्या वयात पेशवाईची वस्त्रे मिळालेल्या माधवरावांची, आणि तिचा शेवट थेऊरला त्यांच्या मृत्यूने व रमाबाईंच्या सहगमनाने होतो. तिच्यातले दादा सरळ खलनायक नाहीत. कधी पुतण्यावर माया करणारे, कधी त्याच्याच विरुद्ध फौज उभी करणारे, दुसऱ्याच्या सल्ल्याने चटकन फिरणारे असे ते गृहस्थ आहेत. गंमत अशी, की ज्या कृत्यासाठी दादा कुप्रसिद्ध आहेत ते या कथेत घडतच नाही. माधवराव गेले १८ नोव्हेंबर १७७२ रोजी. नारायणरावांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी. कथा संपल्यानंतर सुमारे नऊ महिन्यांनी. प्रेक्षकाला मात्र तो आधीच ठाऊक असतो, आणि त्यामुळे दादांच्या प्रत्येक हसण्याकडे तो संशयानेच पाहतो.

पुढे काय होणार हे प्रेक्षकाला माहीत असते. आधी काय झाले होते, हे मात्र नसते. वाड्यातले नाट्य रंगते ते १७६१नंतर. त्या वेळी दादा जवळजवळ सत्तावीस वर्षांचे होते आणि त्यांच्या आयुष्यातला पराक्रमाचा भाग बहुतांशी मागे पडला होता.

थोरल्या भावाच्या छायेत

रघुनाथरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७३४ रोजी साताऱ्याजवळच्या माहुलीस झाला. ते थोरले बाजीराव आणि काशीबाई यांचे पुत्र. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले, तेव्हा हे मूल सहा वर्षांचेही नव्हते. थोरले बंधू नानासाहेब त्यांच्याहून सुमारे चौदा वर्षांनी मोठे. ते पेशवे झाले आणि धाकट्या भावाला वडिलांच्या जागी तेच उरले. बाजीरावांचा हा मुलगा वडिलांच्या कथा ऐकतच वाढला. त्यांच्या सहवासाची शिदोरी त्याला फारशी मिळाली नाही.

पेशव्यांच्या घरात तोवर एक घडी बसली होती. एक गादीवर, दुसरा त्याच्या पाठीशी. बाजीरावांना चिमाजीअप्पा, नानासाहेबांना चिमाजीअप्पांचे पुत्र सदाशिवरावभाऊ. ही घडी वरून जितकी प्रेमाची दिसते तितकी ती आतून नव्हती. १७५०च्या सुमारास भाऊंनी कारभारीपद मागितले आणि ते मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपतींकडे पेशवाई पत्करण्याची भाषा केली. महादोबा पुरंदरे बाजूला झाले आणि भाऊंना कारभार मिळाला. घर सोडून जाण्याचा धाक घातला की हवे ते पदरात पडते, हा धडा त्या वेळी सोळा वर्षांच्या रघुनाथरावांच्या डोळ्यांसमोर गिरवला गेला होता. पुढे त्यांनी तो वारंवार वापरला, फक्त भाऊंइतक्या हिशेबीपणाने त्यांना तो कधीच वापरता आला नाही.

लाहोर, आणि लाहोरचा हिशेब

दादांची खरी ओळख रणांगणावर झाली. १७५३ साली दमाजी गायकवाडांसह त्यांनी अहमदाबाद घेतले. १७५४च्या आरंभी कुंभेरीचा वेढा पडला. त्यात मल्हारराव होळकरांचे पुत्र आणि अहल्याबाईंचे पती खंडेराव मारले गेले. ऑगस्ट १७५७ मध्ये मराठ्यांनी दिल्लीवर ताबा मिळवला. मार्च १७५८ मध्ये सरहिंद पडले आणि एप्रिलमध्ये अब्दालीचा मुलगा तैमूरशाह लाहोर सोडून पळाला. दादा स्वतः लाहोरपर्यंत गेले. त्यापुढे अटकेच्या दिशेने धावल्या त्या त्यांच्या फौजेच्या तुकड्या. वाक्प्रचाराने हे सारे श्रेय दादांच्या खात्यावर जमा केले आहे आणि सेनापती या नात्याने ते त्यांना द्यायला हरकत नाही. त्या वेळी त्यांचे वय होते तेवीस.

पण झेंडा लावणे वेगळे आणि प्रांत सांभाळणे वेगळे. पंजाब दादांनी अदीना बेग या मुरब्बी सुभेदाराच्या हवाली केला. वर्षाला पंचाहत्तर लाख रुपये देण्याचा त्याचा करार होता. दादा दक्षिणेकडे वळले आणि त्याच वर्षी अदीना बेग मरण पावला. पुढच्या वर्षी अब्दाली पुन्हा आला. त्याच्या त्या स्वारीचा शेवट पानिपतावर झाला, हे सर्वांना ठाऊक आहे.

त्याआधी पुण्यात आणखी एक प्रसंग घडला, आणि माझ्या मते दादांच्या पूर्वकथेची गुरुकिल्ली तोच आहे. कोणत्याही मालिकेने तो पूर्ण भाग खर्चून दाखवावा, इतका तो नाट्यमय आहे. उत्तरेतून परतलेल्या विजयी सेनानीपुढे भाऊंनी जमाखर्च मांडला. मोहिमेने राज्याच्या तिजोरीत भर घालायची, ती उलट कर्ज घेऊन आली होती. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात ग्रँट डफ हा आकडा ऐंशी लाखांहून अधिक देतो. भाऊंनी बोलून दाखवले. दादा संतापून म्हणाले, की पुढची मोहीम तुम्हीच करून पाहा. असा प्रसंग डफने नोंदवला आहे.

भाऊंचे चुकले का? कारभारी म्हणून मुळीच नाही. पेशवाईला कर्जाने पोखरले होते आणि बाजीरावांपासूनचे सावकार दारात उभे होते. पण अटकेच्या वाटेवरून आलेल्या तरुण सरदाराला भर सभेत वहीतल्या आकड्यांनी छोटे केले जाणे काय असते, याचीही कल्पना करता येते. पुढची उत्तरेची मोहीम खरोखरच भाऊंकडे गेली. १७६०च्या आरंभी त्यांनी उदगीरला निजामाचा पराभव केला होता. निवड स्वाभाविक होती. त्या मोहिमेतून भाऊ परतले नाहीत आणि नानासाहेबांचे थोरले पुत्र विश्वासरावही परतले नाहीत. १४ जानेवारी १७६१चा तो दिवस. दादा पानिपतावर नव्हते. जे नव्हते म्हणूनच वाचले, त्यांना 'तुम्ही असता तर' आणि 'तुम्ही का नव्हता' हे दोन्ही प्रश्न जन्मभर ऐकावे लागतात.

२३ जून १७६१ रोजी पर्वतीवर नानासाहेबांनी देह ठेवला. पेशव्यांच्या घरात कर्ता, लढलेला पुरुष आता एकच उरला होता. वस्त्रे मिळाली ती सोळा वर्षांच्या माधवरावांना.

दाव्याचे वजन

मालिकांमधले दादा या क्षणापासून लोभी दिसू लागतात. पूर्वकथा माहीत असेल तर त्या लोभाला निदान चेहरा येतो. पण पूर्वकथेने दादांचा दावा खरा ठरतो का? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे उत्तर त्याच घराच्या इतिहासात आहे. १७४० साली बाजीराव गेले तेव्हाही परिस्थिती अशीच होती. गादीच्या बाजूला वसईचे विजेते काका चिमाजीअप्पा उभे होते, आणि एकोणीस वर्षांचा पुतण्या पेशवा झाला. चिमाजीअप्पांनी त्याला आडकाठी केली नाही. ते त्याच्या पाठीशी राहिले आणि त्याच वर्षाअखेर वारले. दादांसमोर दोन कित्ते होते, चिमाजीअप्पांचा आणि कोल्हापूरचा धाक घालणाऱ्या भाऊंचा. त्यांनी दुसरा निवडला.

यानंतरचा भाग पडद्यावर पुष्कळदा आलेला आहे. नोव्हेंबर १७६२ मध्ये घोडनदी आणि आळेगाव येथे काका-पुतण्यांच्या फौजा भिडल्या आणि घर फुटू नये म्हणून माधवराव स्वतः होऊन काकांच्या स्वाधीन झाले. हाती आलेली सत्ता दादांनी जुने हिशेब चुकते करण्यात घालवली. पटवर्धनांकडून मिरज घेतली, ते निजामाकडे गेले, आणि १७६३ साली निजामाच्या फौजेने पुणे लुटून जाळले. १० ऑगस्ट १७६३ला राक्षसभुवनावर दादा शत्रूच्या गराड्यात सापडले तेव्हा त्यांना सोडवले ते नजरकैदेतून बाहेर आलेल्या पुतण्याने. १७६६-६७च्या उत्तरेच्या स्वारीत गोहदसमोर हात हलवत परतावे लागले. लाहोरचे पान पुन्हा उलटता आले नाही. मग अमृतरावांना दत्तक घेणे, अर्ध्या राज्याची मागणी, आणि १० जून १७६८ रोजी नाशिककडच्या धोडप किल्ल्याखाली झालेला निर्णायक पराभव.

तिथून दादा शनिवारवाड्यात आले ते कैदी म्हणून. वडिलांनी बांधलेल्या वाड्यातच त्यांच्यावर पहारा बसला. माधवरावांनी अखेरच्या दिवसांत थेऊरला त्यांना जवळ बोलावून नारायणरावांचा हात त्यांच्या हाती दिला. सतरा वर्षांच्या नव्या पेशव्याशी त्यांचे काही महिने जेमतेम पटले आणि एप्रिल १७७३ मध्ये पहारा पुन्हा बसला.

कोणी 'मा' केला?

भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, गणेशोत्सवात, पगार थकल्याचे निमित्त करून सुमेरसिंग, महंमद इसफ यांच्या हाताखालचे गारदी वाड्यात घुसले. नारायणराव धावत काकांकडे गेले, आणि काकांना मिठी मारलेल्या अवस्थेतून त्यांना ओढून मारले, ही हकीकत पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली. ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना महंमद इसफाला लिहिलेले दादांचे मूळ पत्र मिळाले आणि त्यात 'धरावे'चे 'मारावे' केलेले आढळले. हा फेरफार आनंदीबाईंनी केला, असे सर्वत्र मानले जाते, असेही डफ लिहितो. 'मानले जाते' एवढेच. घटनेनंतर अर्धशतकाने लिहिणाऱ्या या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोकसमजुतीला दिलेली ती पावती आहे, साक्षीदाराचा जबाब नव्हे.

पण पडद्याला हा 'मा' फार आवडला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' हे नाटक १९०९चे. पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'रामशास्त्री' १९४४चा. त्यात रामशास्त्री होते स्वतः गजानन जागीरदार आणि आनंदीबाई होत्या ललिता पवार. पुढे 'स्वामी'चे दिग्दर्शन करणारे तेच जागीरदार. पडद्यावरच्या दादांची वंशावळ अशी थेट रंगभूमीपर्यंत पोहोचते, आणि तिच्यात एक सोय पिढीजात चालत आली आहे. दादा दुबळे, बाई कारस्थानी. त्यामुळे दादांबद्दल थोडी कणव उरते आणि त्याची किंमत आनंदीबाई मोजतात.

ही वाटणी मला अन्यायाची वाटते. 'धरावे' हा मूळ शब्द खरा मानला, तरी तो पत्रात लिहिला दादांनीच. पेशव्याला त्याच्याच वाड्यात थकलेल्या पगाराच्या भाडोत्री शिपायांकरवी पकडण्याचा बेत करणाऱ्याला रक्त सांडण्याची शक्यता दिसत नव्हती, हे लाहोरपर्यंत फौज नेलेल्या सेनानीच्या बाबतीत कसे मानायचे? रामशास्त्र्यांनी तरी तसे मानले नाही. दादांच्या तोंडावर त्यांना दोषी ठरवून ते पुणे सोडून गेले. तरुणपणी झालेला अपमान आणि चाळिशीकडे झुकताना आलेली कैद यांनी दादांचा हेतू कळतो. अपराध कमी होत नाही.

त्यानंतर बारभाईंनी त्यांना पुण्यात टिकू दिले नाही. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेच्या तहाने त्यांनी इंग्रजांना साष्टी आणि वसई देऊ केली. वसई म्हणजे चिमाजीअप्पांची कमाई. १७८२च्या सालबाईच्या तहानंतर ते गोदावरीकाठी कोपरगावला राहायला गेले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी तिथेच वारले. त्या वेळी त्यांचा मुलगा नऊ वर्षांचाही नव्हता. तो पुढे आई आणि भावांबरोबर नजरकैदेतच वाढला, शिवनेरीवरही ठेवला गेला, आणि १७९६ साली पेशवा झाला. दुसरे बाजीराव म्हणून ज्यांची सर्वत्र टिंगल होते, ते हेच. त्यांच्या बालपणावर अजून कोणी मालिका काढलेली माझ्या पाहण्यात नाही.