रोषाची वर्गणी : काही समज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या राजकारणात गेल्या दोन दशकांत एक प्रघात चांगलाच रूढ झाला आहे. सिनेटमधील किंवा प्रतिनिधिगृहातील एखाद्या विद्यमान सदस्याच्या भाषणाने अथवा मताने देशभर संताप उसळला, की ज्यांना त्याच्या मतदारसंघात मताचा अधिकार नाही असे हजारो नागरिक त्याच रात्री त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या प्रचारनिधीत दहा-पंचवीस डॉलर जमा करतात. आणि नागरिकत्व घेऊन तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दारीही निवडणुकीच्या मोसमात हे आवाहन वारंवार येते. या देण्यामागची तळमळ खरी असते, आणि सामान्य माणसाने आपल्या कष्टार्जित द्रव्याचा अंश सार्वजनिक कार्यासाठी काढावा, ही लोकशाहीच्या दृष्टीने मोठीच आशादायक गोष्ट आहे. म्हणूनच त्या द्रव्याविषयीचे काही दृढमूल समज तपासणे मला अगत्याचे वाटते. देणगी कोणाविरुद्ध द्यायची हे राग ठरवतो. परंतु तिचे फळ ती कोणत्या मतदारसंघात, कोणत्या उमेदवाराला आणि किती लवकर पोहोचली यावर अवलंबून असते, आणि बहुतेक सारे गैरसमज या दोहोंची गल्लत झाल्यामुळे उत्पन्न होतात.

त्यांतला सर्वांत महागडा समज असा, की जो सदस्य आपल्याला सर्वाधिक अप्रिय, त्याच्या प्रतिस्पर्ध्याला दिलेला पैसा सर्वाधिक कामी येतो. २०२० साली केंटकी राज्यात सिनेटमधील बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल यांच्या विरोधात एमी मॅकग्राथ उभ्या राहिल्या, तेव्हा मॅकॉनेल यांच्यावर चिडलेल्या देशभरच्या देणगीदारांनी मॅकग्राथ यांच्या निधीत ९ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम ओतली. निकाल लागला तो मात्र मॅकॉनेल यांना सुमारे ५८ टक्के आणि मॅकग्राथ यांना सुमारे ३८ टक्के असा. त्याच वर्षी साउथ कॅरोलायनात लिंडसे ग्रॅहम यांना आव्हान देणाऱ्या जेमी हॅरिसन यांनी जुलै ते सप्टेंबर या एकाच तिमाहीत ५ कोटी ७० लाख डॉलर जमवून सिनेटच्या निवडणुकीतील तोवरचा उच्चांक गाठला, आणि तरीही ते सुमारे दहा टक्क्यांच्या अंतराने पराभूत झाले. हे दोन्ही उमेदवार कर्तबगार होते, त्यांच्या प्रचारात कसूर नव्हती. परंतु ज्या केंटकीने १९९२ नंतर मॅकग्राथ यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचा एकही सिनेटर निवडून दिलेला नाही, त्या राज्याचा कल कॅलिफोर्नियातील देणगीदाराच्या संतापाने पालटत नाही. शिवाय एका मर्यादेपलीकडे प्रत्येक नव्या डॉलरचे मोल घटत जाते, कारण ज्या मतदाराने तीच जाहिरात दिवसातून अनेकदा पाहिली आहे त्याला ती आणखी एकदा दाखवून काही साधत नाही. भरून वाहणाऱ्या पाटात आणखी पाणी सोडावे आणि शेजारचे वावर कोरडे राहावे, तसा हा प्रकार होतो.

दुसरा समज असा, की रोषाची झळ केवळ त्या सदस्यालाच लागते. ९ सप्टेंबर २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत भाषण करीत असता साउथ कॅरोलायनाचे प्रतिनिधी जो विल्सन यांनी ‘तुम्ही खोटे बोलता’ असे ओरडून सभागृह स्तंभित केले. त्यांचे प्रतिस्पर्धी रॉब मिलर यांच्याकडे काही दिवसांतच दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम आली खरी, पण तेवढ्याच त्वरेने विल्सन यांच्या समर्थकांनीही त्यांच्या पदरात दहा लाखांहून अधिक टाकले, आणि २०१० साली विल्सन आधीच्या निवडणुकीपेक्षा अधिक अंतराने विजयी झाले. एका बाजूचा क्षोभ हेच दुसऱ्या बाजूचे आवाहन ठरते, ही गोष्ट देणगी गोळा करणारे व्यावसायिक उत्तम जाणतात, आणि त्यांच्या पत्रांतील भडक भाषेचे कारणही तेच आहे.

पैसाच निवडणूक जिंकून देतो, हा समज तर सार्वत्रिक आहे. अधिक खर्च करणारा उमेदवार बहुधा विजयी होतो हे आकड्यांत दिसते. परंतु ज्याच्या विजयाचा संभव अधिक त्याच्याकडेच पैसा आपसूक धावतो, तेव्हा कार्य कोणते आणि कारण कोणते याचा निवाडा त्या आकड्यांवरून होत नाही. राज्यशास्त्रज्ञ गॅरी जेकबसन यांनी १९७८ मध्ये असे दाखवून दिले, की विद्यमान सदस्याच्या खर्चापेक्षा आव्हान देणाऱ्याच्या खर्चाचा मतांवर अधिक परिणाम होतो. उलट अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी तेच दोन उमेदवार पुन्हा एकमेकांसमोर आले अशा लढती वेगळ्या काढून १९९४ मध्ये निष्कर्ष काढला, की कोणाच्याही खर्चाचा परिणाम फारच अल्प असतो. या वादाचा अंतिम निकाल लागलेला नाही; तथापि अनोळखी उमेदवाराला आपले नाव मतदाराच्या कानी घालण्यापुरते द्रव्य लागतेच, आणि त्यानंतरच्या द्रव्याचा प्रभाव ओसरत जातो, एवढे मला या दोन्ही अभ्यासांशी सुसंगत वाटते. मराठी वाचकांच्या परिचयाचे उदाहरण द्यायचे तर बेळगावात वाढलेल्या श्री ठाणेदार यांचे देता येईल. उमेदवाराने स्वतःचा पैसा किती खर्चावा यावर सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ सालच्या निर्णयानुसार बंधन नाही. ठाणेदार यांनी २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर पणाला लावले आणि पक्षांतर्गत निवडणुकीत ते तिसरे आले. पुढे २०२२ मध्ये ते प्रतिनिधिगृहात निवडून गेले, ते जेथे कोणी विद्यमान सदस्य वाटेत उभा नव्हता अशा मतदारसंघातून.

यावरून विद्यमान सदस्य अजिंक्य असतो असे मानणे हाही गैरसमजच होय. प्रतिनिधिगृहात पुन्हा उभे राहणाऱ्यांपैकी बहुतेक वेळा ९० टक्क्यांहून अधिक निवडून येतात, हे सत्य आहे. पण जे पडतात त्यांच्याकडे बारकाईने पाहावे. १० जून २०१४ रोजी व्हर्जिनियात एरिक कँटर या बहुमताच्या नेत्याला त्याच्याच पक्षातील डेव्हिड ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने हरवले. कँटर यांचा खर्च ५० लाख डॉलरांवर, ब्रॅट यांचा सुमारे २ लाख. २६ जून २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी वीस वर्षे निवडून येणाऱ्या जोसेफ क्रॉली यांचा पराभव केला, तेव्हा लाखोंच्या वस्तीच्या त्या मतदारसंघात एकूण मते पडली होती अवघी तीस हजारांच्या आसपास. पक्षांतर्गत निवडणुकीत मतदार थोडे असतात, घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्याचे वजन मोठे असते, आणि तेथे लवकर पोहोचलेली लहान रक्कमही कार्यालयाचे भाडे, मतदारयाद्या व पत्रके यांच्या रूपाने प्रत्यक्ष कामाला लागते.

राज्यांच्या विधिमंडळांकडे तर संतापलेल्या देणगीदाराचे लक्षच जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते. २०१७ साली व्हर्जिनियाच्या ९४व्या मतदारसंघात विद्यमान सदस्य डेव्हिड यॅन्सी आणि त्यांना आव्हान देणाऱ्या शेली सायमंड्स या दोघांनाही ११,६०८ अशी समसमान मते पडली. ४ जानेवारी २०१८ रोजी दोघांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका मातीच्या कलापूर्ण वाडग्यात घालून एक उचलण्यात आली, ती यॅन्सी यांच्या नावाची निघाली, आणि तेवढ्यावर त्यांच्या पक्षाचे ५१ विरुद्ध ४९ असे बहुमत टिकले. मॅकग्राथ यांच्या निधीचा सहस्रांशही तेथे आणखी काही मतदारांना घराबाहेर काढण्यास पुरला असता.

पैसा कोणाच्या हाती पडतो याविषयीही अज्ञान बरेच आहे. उमेदवाराच्या अधिकृत समितीला एका व्यक्तीने किती द्यावे याला मर्यादा आहे. २०२५-२६ साठी ती प्रत्येक निवडणुकीस ३,५०० डॉलर असून पक्षांतर्गत आणि मुख्य निवडणूक वेगळ्या धरल्या जातात. स्वतंत्र खर्च करणाऱ्या बाह्य गटांना ही मर्यादा नाही. मात्र मतदानापूर्वीच्या ठरावीक मुदतीत दूरचित्रवाणीने सर्वांत कमी दराने वेळ द्यावा ही कायद्याची तरतूद केवळ उमेदवारांसाठी आहे, त्यामुळे तोच डॉलर बाह्य गटाकडे गेला तर त्याला कमी जाहिरात मिळते. देणगीच्या अर्जात ‘दरमहा’ या चौकटीत आधीच खूण करून ठेवण्याच्या क्लृप्तीमुळे पुष्कळांच्या खात्यातून नकळत हप्ते गेले, आणि संघीय निवडणूक आयोगाने २०२१ मध्ये अशा खुणांवर बंदी घालावी अशी एकमुखी शिफारस काँग्रेसला केली.

आता कायद्याची बाजू, जी मराठी कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावी. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच देणगी देता येते. एच-वन-बी परवान्यावर राहणारा माणूस कितीही वर्षे कर भरत असला तरी त्याला एक डॉलरही देण्याची मुभा नाही, आणि त्याने तो नागरिक असलेल्या मित्राच्या हातून देणे हा स्वतंत्र अपराध आहे. मुंबईत जन्मलेले आणि मूळचे गोवेकर घराण्यातील लेखक दिनेश डिसूझा यांनी २०१२ साली न्यूयॉर्कच्या सिनेटर कर्स्टन जिलिब्रँड यांना आव्हान देणाऱ्या वेंडी लाँग या आपल्या महाविद्यालयीन मैत्रिणीसाठी मर्यादेपलीकडचे २० हजार डॉलर इतरांच्या नावांनी दिले. लाँग यांचा दणदणीत पराभव झालाच, आणि डिसूझा यांनी गुन्हा कबूल केल्यावर २०१४ मध्ये त्यांना पाच वर्षांची देखरेख, आठ महिने बंदिस्त केंद्रात वास्तव्य आणि ३० हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. २०१८ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांकडून क्षमा मिळाली. करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या मंडळांनाही उमेदवाराच्या प्रचारात पडता येत नाही. भारतात राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीवर जुन्या करप्रणालीत वजावट मिळते म्हणून तेथेही मिळेल, असे समजू नये, मिळत नाही.

राहता राहिला उरलेल्या पैशाचा प्रश्न. सिनेटर सूझन कॉलिन्स यांनी ६ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायमूर्ती कॅव्हॅनॉ यांच्या सर्वोच्च न्यायालयावरील नियुक्तीच्या बाजूने मत दिले, त्याआधीपासूनच त्यांच्या भावी प्रतिस्पर्ध्यासाठी, म्हणजे ज्याचे नावही अद्याप ठरले नव्हते अशा उमेदवारासाठी, लोकांनी वचनादाखल रकमा नोंदविल्या होत्या; त्या ३५ लाख डॉलरांच्या वर गेल्या. पुढे २०२० मध्ये सेरा गिडिअन उभ्या राहिल्या, पराभूत झाल्या, आणि निवडणुकीनंतर त्यांच्या समितीकडे १ कोटी ४० लाख डॉलरांहून अधिक शिल्लक होती. अशी रक्कम उमेदवाराला खाजगी कामासाठी वापरता येत नाही. ती धर्मादाय संस्थेला, पक्षाला किंवा मर्यादेत राहून अन्य उमेदवारांना देता येते. ही शिल्लक अकस्मात उद्भवली नव्हती: सप्टेंबर २०२० अखेरच्या, आयोगाच्या दप्तरी दाखल झालेल्या आणि कोणालाही पाहता येणाऱ्या हिशेबात गिडिअन यांच्या हाती २ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम पडून असल्याचे स्पष्ट नमूद होते, आणि तरीही मतदानाच्या दिवसापर्यंत देणग्या येतच राहिल्या.