बोर्ड बदलण्यापूर्वी दोष शोधा

वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे भागांतील गाळ्यांतून भरतकाम, प्लास्टिक व धातुकामाचे जॉबवर्क चालते. आपले अनेक बांधव या धंद्यात आहेत. पूर्वी यंत्र अडले की मिस्त्री पाना घेऊन येई. आता यंत्राचा कारभार कंट्रोल बोर्डाच्या हाती आहे. तो अडला की काम बंद, पण गाळ्याचे भाडे व कारागिरांची मजुरी चालूच. अशा घाईत "बोर्ड गेला" हा निकाल ऐकून मालक नवा बोर्ड मागवतो. वास्तविक, पुष्कळदा दोष बोर्डाबाहेर असतो.

मल्टीहेड एम्ब्रॉयडरी यंत्राचे उदाहरण घेऊ. तपासणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१) वीजपुरवठा : बोर्डावर साधारणतः ५, १२ व २४ व्होल्टचे पुरवठे असतात. यंत्र चालू असताना, म्हणजे भार असताना, ते मल्टिमीटरने मोजावेत. ५ व्होल्टचा पुरवठा ४.७५ च्या खाली घसरला तर बोर्ड चांगला असूनही भलतेच एरर दाखवतो. फुगलेले कपॅसिटर हे त्याचे नेहमीचे कारण. मात्र सावध राहावे. वीज बंद केल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो.

२) कनेक्टर : खाडी व समुद्राजवळच्या दमट, खारट हवेने पिना काळ्या पडतात. त्या काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा घट्ट बसवाव्यात. एवढ्यानेही कित्येक यंत्रे सुरू होतात.

३) सेन्सर व स्विच : सेन्सर हाताने चालवून पाहावा. बोर्डावरचा संबंधित दिवा लागतो-विझतो का, हे बघावे. दिवा हललाच नाही तर आधी वायर व सेन्सर तपासावा.

४) कॉइल : एका हेडचा सॉलेनॉइड शॉर्ट झाला की बोर्डावरचा ट्रान्झिस्टर जळतो. कॉइल न तपासता नवा बोर्ड बसवला तर तोही क्षणात जातो. म्हणून शेजारच्या हेडच्या कॉइलशी रेझिस्टन्स ताडून पाहावा.

५) अदलाबदल : कॉइल ठीक असल्याची खात्री झाल्यावर, वीज बंद करून, दोन हेडची सारखी कार्डे आपसात बदलावीत. दोष कार्डाबरोबर गेला तर कार्ड खराब. जागेवरच राहिला तर वायरिंग वा हेडमध्ये दोष समजावा.

बोर्ड काढण्यापूर्वी यंत्रातील सर्व सेटिंग वहीत उतरवून ठेवावीत. ती पुसली गेली तर चांगले यंत्रही चालत नाही.

पुराचे पाणी

जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पाणी साचले, रेल्वे थांबली व वीजपुरवठाही खंडित झाला. भिजलेल्या यंत्रात वीज परत येताच स्विच टाकणे हा सर्वात महागडा उतावळेपणा होय. बोर्ड काढून स्वच्छ पाण्याने, मग अल्कोहोलने धुऊन पूर्ण सुकवावा आणि मगच वीज द्यावी. पावसाळ्यापूर्वी कंट्रोल पेटी जमिनीपासून उंच बसवणे याहून स्वस्त पडते.

हुनर आणि अमानत

हे काम आपल्या तरुणांसाठी चांगला व्यवसाय ठरू शकते. भांडवल थोडे लागते : मल्टिमीटर, चांगली सोल्डरिंग आयर्न आणि संयम. मुंबईत भायखळ्याला अंजुमन-ए-इस्लामची साबू सिद्दीक संस्था आणि चुनाभट्टीला आयडीईएमआय येथे तांत्रिक शिक्षणाची सोय आहे. दहावीनंतर रिकाम्या बसलेल्या मुलांना पालकांनी या वाटेला लावावे.

मात्र ग्राहकाला बोर्डाचे आतले कळत नाही. त्याचा सारा भरवसा मिस्त्रीच्या शब्दावर असतो. सैल कनेक्टर बसवून नव्या बोर्डाचे पैसे घेणे म्हणजे मापात घट करणेच, आणि तसे करणाऱ्यांना कुरआनच्या ८३ व्या सूरहमध्ये कडक इशारा आहे. जे केले तेच बिलावर लिहावे व काढलेला भाग ग्राहकाला परत द्यावा. अशा मिस्त्रीला जाहिरातीची गरज पडत नाही. एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात त्याचे नाव आपोआप पोहोचते आणि इन्शाअल्लाह रोजीत बरकतही होते.